खालचा तुकडा

धाकट्या,

खोकला कसा आहे? काल नकाशावाली बाई आली होती. दरीतल्या द्राक्षमळ्यांचा इतिहास लिहितेय. नदीकाठच्या तुझ्या तुकड्याभोवती तिनं निळी रेघ ओढली.

"आजोबा, उतारावरची थंड हवा इथं येऊन साचते. वेलींचे कोंब गोठणारच. जुन्या माणसांना ठाऊक असेल ना?"

मी चहा ठेवायला उठलो.

बाबांनी ते फक्त मला सांगितलं होतं. वाटणीच्या दिवशी तू विचारलंस, "दादा, खालचा तुकडा बरा ना?" मी म्हणालो, "पाणी जवळ आहे." खोटं नव्हतं रे ते. तीन हंगामांत तुझ्या वेली जळाल्या आणि तू गाव सोडलंस.

बाई पुस्तकात मला जाणकार म्हणणार आहे. नको म्हणायचं होतं, पण कारण काय सांगू?

हे पाचवं पत्र. हेही ट्रंकेतच जाईल.

तुझा,
दादा