बायकांच्या बाजूचा पडदा

१५ डिसेंबर १९५६

काल तंबूतल्या टॉकीजमध्ये पेटलं. लगेच विझलं. तरी आज शाळेत एक तास धड घेतला नाही — मुलींना गणितं घातली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

नणंद सिंधू अमरावतीहून आली आहे. तिला पौराणिक चित्र बघायचं होतं. तंबू कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, मध्ये कनात. यांनी आम्हाला बायकांच्या दाराशी सोडलं, दारावरच्या पुंजाजीला नाव सांगितलं आणि पलीकडे गेले. पद्धतच आहे ती. खेळ सुरू झाला की पुंजाजी दारावरचा पडदा बाहेरून दोरीनं बांधतो. सुटला की एकेक नाव पुकारतो. ज्या घरचा पुरुष न्यायला आला, त्या घरच्या बायकांनी उठायचं. एरवी मला ते सोयीचंच वाटायचं.

अर्ध्यात यंत्रापाशी रीळ पेटलं. भक्कन उजेड, मग धूर. कनातीपलीकडे पळापळ, बाकडी पडल्याचा आवाज. आणि आम्ही? बसून होतो! कोणी पोराला पदराखाली घेतलं, कोणी रामराम म्हणायला लागल्या. उठलं कोणी नाही. सगळ्या दाराकडे बघत होत्या — नाव कधी पुकारतात म्हणून. मीही. नागपूरला शिकून बी. ए. झालेली, मुलींना धीट व्हा म्हणून रोज सांगणारी मी, “वकीलसायबाच्या घरच्या” अशी हाक यायची वाट बघत होते.

दोन-चार पुरुष कनात उचलून खालून आत आले, आपापल्या बायकांना ओढून घेऊन गेले. तेवढेच. मग ऑपरेटरनं वाळू टाकून आग विझवली आणि खेळ पुन्हा सुरू झाला. आम्ही शेवटपर्यंत बसलो. हे लिहिताना कसंसंच वाटतं, पण बसलो.

१६ डिसेंबर

यांना विचारलं, तुम्ही कुठं होता? म्हणाले, बाहेर पडलो आणि तुमच्या दाराशी आलो. पुंजाजी गाठ सोडत होता, सुटत नव्हती. दवानं दोरी आवळली होती.

सिंधू म्हणते, वहिनी, आता पुरे. चित्र चांगलं होतं.

१९ डिसेंबर

तंबूच्या मालकांना, वामनरावांना, मी जाऊन भेटले. दोन गोष्टी मागितल्या — पडदा बांधू नका, आणि मागच्या अंगाला दुसरी वाट ठेवा. फार अदबीनं ऐकलं. चहा मागवला. म्हणाले, “बाई, पडदा सोडला तं फुकटे घुसतीन. टवाळ पोट्टे बायाइत येऊन बसतीन. मंग तुमीच म्हणसान, वामनराव काहून ध्यान देत नाही?”

वर हसून म्हणतात, परवा तर लोक खूश होते, हनुमंतानं लंका खरोखरची जाळून दाखवली म्हणत होते.

मलाही हसू आलं. घरी येताना त्या हसण्याची लाज वाटली.

२२ डिसेंबर

कचेरीत गेले. परवानगी देणारे साहेब भले आहेत, पण त्यांच्याही डोक्यावर गोंधळ आहे. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं. तंबूच्या खेळाला नियम आता जुने लावायचे की नवे, तेच त्यांना वरून कळलेलं नाही. मला विचारलं, कोणी दगावलं का? नाही म्हटलं. “मग?” म्हणाले.

कोणी दगावायला हवं होतं का?

२४ डिसेंबर

महिला मंडळात विषय काढला. अध्यक्षा सुभद्राबाई म्हणाल्या, मागचं दार? ते कोणाच्या येण्याजाण्यासाठी? सगळ्या खो-खो हसल्या. मग अडत्याची सून हळूच म्हणाली, “बाई, पडदा उघडा राहिला तर आमच्याकडचे आम्हाला पाठवणारच नाहीत.”

हे मला सुचलं नव्हतं. ती दोरी आहे म्हणून या बायकांना घरातून सोडतात. मी दोरी सोडा म्हणते म्हणजे त्यांचा तेवढा एक खेळही काढून घेते. मग काय मागावं मी?

२८ डिसेंबर

जेवताना हे म्हणाले, “आगीचं नाव काढू नकोस. आगीला कोणी भीत नाही. अब्रूचं काढ. बायकांत पुरुष घुसतात म्हण. तंबू उठतो की नाही बघ.”

वकिली डोकं! मी म्हटलं, ते खोटं होईल. म्हणाले, त्या रात्री घुसले नव्हते का?

घुसले होते.

३१ डिसेंबर

बोलले. सुभद्राबाईंना बरोबर नेलं होतं. साहेबांना सांगितलं — त्या रात्री कनातीखालून पुरुष बायकांच्या बाजूला शिरले, तिथं बंदोबस्त नाही.

शब्द न शब्द खरा आहे. ते कशाला शिरले होते, तेवढं सांगितलं नाही. साहेबांनी विचारलंही नाही. एकदम ताठ बसले, म्हणाले, हे गंभीर आहे.

आगीला “मग?” आणि याला “गंभीर”. वर्ष संपलं.

३ जानेवारी १९५७

परवानगी रद्द. सकाळी शाळेत जाताना बघितलं — तंबू उतरवून गाड्यांवर चढवत होते. पुंजाजी बाकडी मोजून देत होता. त्यानं मला रामराम केला. वामनराव पाठ करून उभे होते.

सुटल्यासारखं वाटलं. रात्री जेवण गेलं. उगाच नाही कशाला म्हणायचं? बरं वाटलं.

१० जानेवारी

आमच्याकडे भांडी-झाडलोट करणारी पंचफुला संक्रांतीला माहेरी जायची सुटी मागत होती. तिचं माहेर पिंपळखेड, बार्शीटाकळीच्याही पुढं. खुशीत होती. तिच्या गावात टॉकीज आलं आहे! कोणतं विचारलं. तेच.

“आता लय बंदोबस्त हाय म्हंतेत बाई. कनात नाही, मधात तुराट्याइचा कुड घातला. दार लाकडाचं, त्याले कुलूप. अकोल्यात बायाइची तक्रार झाली होती ना, म्हनून.”

मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले.

कनात निदान उचलता येत होती. तुरीच्या वाळक्या काड्यांची भिंत! चूल पेटवायला एक मूठ पुरते.

११ जानेवारी

साहेबांकडे. म्हणाले, तो भाग माझ्याकडे येत नाही. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून म्हणाले, “बाई, बंदोबस्त नाही ही तुमचीच तक्रार होती. आता बंदोबस्त झाला ही तक्रार आहे?”

कोणाकडे जाऊ, विचारलं. म्हणाले, तेही अजून ठरायचं आहे.

१३ जानेवारी

आज रविवार. पंचफुलाबरोबर पिंपळखेडला जाऊन आले. बार्शीटाकळीपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. यांनी अडवलं नाही, बरोबरही आले नाहीत.

वामनरावांनी ओळख दाखवली. राग नव्हता, हे जास्त लागलं. स्वतः फिरून सगळं दाखवलं. कुड पुरुषभर उंच, घट्ट विणलेला, सारवलेला नाही. दाराला नवीन फळ्या, कोयंडा, पितळी कुलूप. लग्नघर दाखवावं तसं दाखवत होते.

म्हटलं, वामनराव, हे काढा. पाया पडते. इथं पेटलं तर एक बाई बाहेर येणार नाही. मला फक्त आगीचीच भीती होती, तिथंही.

ते थांबले. “बाई, मले एक सांगा. कोनतं खरं धरू? सायबापाशी बोलल्या ते, का आता बोलून राहिल्या ते?”

“आताचं.”

“मंग तवा ते काहून बोलल्या?”

पंचफुला पुढं माहेरी गेली होती, पण आजूबाजूला गडीमाणसं उभी होती. मी काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. त्यांचा तोटा झाला होता, गाशा गुंडाळावा लागला होता. तरी शेवटी म्हणाले, कुलूप राहील, पण किल्ली पुंजाजीच्या गळ्यात राहील आणि पुंजाजी दारावरून हलणार नाही. एवढंच पदरात पडलं. पुंजाजीला बाजूला घेऊन सांगितलं. तो मान हलवत होता. “पन बाई, एक बी माणूस बायाइत घुसला तं मालक मले कामावरून काढीन. मले त्या बाजूले बी पाहा लागते.”

पंचफुलाला म्हटलं, तू जाऊ नकोस खेळाला. हसली. “वरसातून एकडाव येते बाई!” मग म्हटलं, निदान दाराजवळ बस. आणि काही झालं तर नावाची वाट बघू नकोस, ऊठ. तिच्या बहिणीलाही, रुख्मिणीलाही, हेच सांगितलं. रुख्मिणी तोंडाला पदर लावून उभी होती. शहरातून मास्तरीणबाई आली म्हणून लाजत होती. ऐकलं की नाही कोण जाणे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला. पाक बिघडला.

२० जानेवारी

पंचफुला परत आली. धडधाकट! दोनदा खेळ बघितला, दोनदा दाराजवळ बसली, तिथून पडदा तिरपा दिसतो म्हणून कुरकुरत होती. मला सगळी गोष्ट ऐकवली, राक्षसाच्या आवाजासकट. दोघी हसलो.

हे म्हणतात, तू चिंता करायला शिकलीस, थांबायला शिकली नाहीस. असेल. सगळीकडे आग दिसायला लागली तर तोही एक आजारच. उद्यापासून सातवीच्या परीक्षेकडे लक्ष द्यायचं.

२८ जानेवारी

पिंपळखेडचा तंबू जळाला.

परवा रात्री. कापसाच्या गाडीवाल्यानं आज बाजारात बातमी आणली. पंचफुला हातातलं भांडं तसंच टाकून धावली. नळ वाहत होता, मी किती वेळानं बंद केला कळत नाही.

३० जानेवारी

कळलं ते असं. रीळच पेटलं. पुरुष बाहेर पडले. पुंजाजी दारावर नव्हता — गर्दीतले लोक कुडाकडे धावले, तेव्हा तो त्यांना अडवायला त्या बाजूला गेला होता. बायकांत कोणी घुसू नये म्हणून! मग ध्यानात आलं तसा परत पळाला, कुलूप उघडलं. कोयंडा तापला होता. त्याचे दोन्ही हात गेले आहेत. दाराजवळच्या तेवढ्या निघाल्या. मागच्या किती राहिल्या, ते कोणी नीट सांगत नाही.

पोलिसांनी पुंजाजीला धरलं आहे. किल्ली त्याच्या गळ्यात होती म्हणून. ती तिथं मी अडकवायला लावली.

वामनरावांनी जबाब दिला म्हणे — आधी तक्रार झाली होती, तिच्याप्रमाणे सगळं केलं. यात एक अक्षर खोटं नाही.

१ फेब्रुवारी

यांना म्हटलं, पुंजाजीचं वकीलपत्र घ्या. बघू म्हणाले. मग म्हटलं, मी साक्ष देते. कचेरीत काय बोलले, काय गाळलं, ते सांगते. हे म्हणाले, “सांगून काय होईल? कुलूप कोणी लावलं हे विचारतील. तू तर लावलं नाहीस.”

मी लावलं नाही. साहेबांनी लावलं नाही. वामनरावांनी तक्रारीप्रमाणे लावलं. नियम कोणते ते ठरलेलं नाही. उरला कोण? हात भाजलेला माणूस.

सांगणार आहे, असं इथं लिहून ठेवते. पण लिहिताना मन विचारतं — त्याला वाचवायला सांगणार, की स्वतःला हलकं करायला? आणि यांनी सुचवलेली गोष्ट कोर्टात आली तर या घराचं काय? एका रात्रीत दोन वेळा ठरवलं, दोन वेळा मोडलं.

३ फेब्रुवारी

पंचफुला कामावर आली. मी नको म्हटलं होतं. घरी बसून काय करू म्हणाली. रुख्मिणी गेली. भांडी घासता घासताच सांगत होती, माझ्याकडे न बघता —

“तिच्या बाजूची बाई निंगाली. ती सांगे, रुख्मिनीले हात धरून वढलं, पन उठली नाही. बसून राह्यली. म्हने, आमच्या घरचं नाव कोनी घेतलंच नाही अजून.”

तक्रार कोणी केली होती, हे तिला माहीत नाही. अकोल्याच्या बायकांनी, एवढंच माहीत आहे. सांगायला तोंड उघडलं. तिनं विचारलं, “राख संपली बाई, अजून हाय का?” मी उठून राख आणून दिली.

५ फेब्रुवारी

सुभद्राबाई आल्या होत्या. उद्या रथसप्तमी, मंडळाचं हळदीकुंकू. त्यात माझी ओटी भरून सत्कार करायचं ठरलं आहे — तंबू वेळेवर घालवून पेठेतल्या बायका वाचवल्या म्हणून. पंचफुला चहा घेऊन आली. तिला म्हणाल्या, “तूही ये गं उद्या, हाताखाली. तुझ्या बाईंचा मान आहे.”

पंचफुला म्हणाली, “येतो बाई.”

मी तिच्या हातातला कप घेतला.