बाहीपर्यंत आलाय

दादा,

'प्रिय' लिहिणार होते, पण आज हात वळेना.

दर रविवारी फोनवर तू आईला एकच विचारतोस, "माझा स्वेटर कुठवर आला?" ती सांगते, "बाहीपर्यंत आलाय." तू हसतोस, "काय गं, तुझ्यापेक्षा गोगलगाय परवडली!" आणि "चल, ठेवतो" म्हणून मोकळा होतोस. तिच्या गुडघ्यांचं, डोळ्यांचं विचारायला तुला सवड नाही. मी तर तुझ्या खिजगणतीतही नाही.

गोगलगाय म्हणे! अरे, आठवड्याभरात अख्खी बाही विणून होते तिची. आणि शनिवारी दुपारी खिडकीत बसून तीच ती उसवते. मला वाटायचं, नजर अधू झाली, टाके सुटत असतील. पण काल बाही मनगटापर्यंत आली होती, एक टाका चुकलेला नव्हता, आणि बाईसाहेबांनी सुई काढून धागा ओढला. मी ओरडलेच, "आई, वेड लागलंय का? चांगली बाही कशाला उसवतेस?"

ती शांतपणे म्हणाली, "अगं, स्वेटर झाला की मग तो विचारणार काय?"

हे पत्र तुला धाडलं, तर लाजेकाजेस्तव दोन रविवार तू गुडघ्यांची चौकशी करशील, आणि मी चुगली केली हे आईला कळेल. म्हणून राहू दे.

उसवून उसवून लोकर पार पिंजलीय. आज तुझा फोन यायच्या आत मी बाजारात जाऊन त्याच रंगाची नवी घेऊन आले. येताना वाटभर तुझ्या नावाने बोटं मोडत होते.

तुला आठवत असेल तर,
तुझी धाकटी