तेरा शब्द

पुणे
११ फेब्रुवारी २०२४

ती. मोठे बाबा यांस,
सविनय जयभीम, वि. वि.

पाकीट पाहून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोन फक्त आजारपणाच्या बातमीला आणि बाकी सगळं पत्राने, हा तुमचा नियम मी अजून पाळते आहे. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी हसतात, पण पोस्टमन आता मला नावाने ओळखतो.

मुकुटबनच्या विहारात जानेवारीत ज्या चाचण्या घेतल्या, त्यांचे आकडे लागले. पडद्यावर चांदणी दिसली की बटण दाबायचं, त्यात आपली मंडळी मागे पडली. पण का, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कोलामांच्या पोडावरचे डोमाजी आजोबा महागाचं यंत्र मोडेल म्हणून इतक्या हलक्या बोटाने दाबायचे की यंत्राला पत्ताच लागायचा नाही. गंगीआत्या चांदणी दिसली की आधी शेजारच्या बाईला दाखवायच्या, मग बटण. आणि मोठ्या आईने तर चांदणी यायच्या आधीच दाबायचा सपाटा लावला होता. तिला म्हणावं, तिचा वेग मोजणारं यंत्र अजून निघायचंय.

खरी बातमी पुढेच आहे. पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि अर्ध्या तासाने किती आठवतात ते विचारायचं. साठीपुढच्या शहरातल्या माणसांना माझ्या मोजणीत सात-आठ आठवले. आपल्या चौदा जणांना सरासरी तेरा! मी आकडे तीनदा तपासले आणि मग रडले. खेड्यातल्या, न शिकलेल्या माणसांचं लक्ष थोडं, स्मरण कच्चं, असं किती ठिकाणी वाचलं असेल मी. आता माझ्या हातात उत्तर आहे. माझे मार्गदर्शक प्रफुल्ल सर ऑगस्टच्या परिषदेला निबंध पाठवायला लावताहेत.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही चाचणीला बसला नाहीत. तीनदा हाक मारली आणि तिन्हीदा तुम्ही चहा बघायला पळालात. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या आणि स्वतःची आली तेव्हा असं?

मोठ्या आईला जयभीम. माया आहे तशीच राहू द्या, थोडी वाढली तरी मी नाही म्हणणार नाही.

तुमची,
रुपाली


मुकुटबन
२० फेब्रुवारी २०२४

चि. रुपाली हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

तुझे पत्र पावले. नलूला वाचून दाखवले. ती दिवसभर शेजारणींना सांगत फिरत होती, त्यामुळे संध्याकाळी भाजी करपली. इकडे तूर निघाली. डोमाजी दोनदा येऊन विचारून गेला, बाईचा निकाल लागला काय म्हणून.

एक विचारतो. निबंधात गावाचे नाव घालणे आवश्यक आहे काय? आणि एवढी घाई कशाला? आणखी एखाद्या गावात चाचणी घेऊन पाहावी असे मला सुचते. चौदा माणसे म्हणजे फार थोडी.

माझ्या परीक्षेचे म्हणशील, तर मास्तराने बाकावर बसायचे नसते. चहा चांगला झाला होता ना, मग झाले.

प्रकृतीला जपावे, वेळेवर जेवावे आणि या दोन म्हाताऱ्यांना मनात जागा ठेवावी.

तुझे मोठे बाबा,
भीमराज


पुणे
४ मार्च २०२४

ती. मोठे बाबा यांस,
सविनय जयभीम, वि. वि.

निबंध पाठवला! गावाचं नाव घातलंय, तुमची लाजाळू सूचना मान्य नाही. मुकुटबन हे नाव एकदा तरी त्या लोकांनी वाचलंच पाहिजे.

पण परवा भांडण झालं, ते तुम्हालाच सांगते. मी शब्द उलटसुलट क्रमाने वाचले होते. आपल्या माणसांनी मात्र सांगताना आधी घरातले तीन, मग रानातले तीन, मग बाजारातले, असे लावून सांगितले. चौदाही जणांनी, त्याच क्रमाने. सरांनी विचारलं, की चौदा माणसं एकाच वाटेने कशी आठवतात, आधी कुठे ऐकले होते का? मला काय झालं कळलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले, की हे चौदा जण पुण्यातले पेन्शनर असते तर तुम्हाला शंका आली नसती. आमची माणसं हुशार निघाली की तुम्हाला चोरीच दिसते. सर म्हणाले, की ठीक आहे, पाठव. खरं सांगू, बोलल्यावर मला फार बरं वाटलं.

आता मदत करा. विहारात सगळे मिळून वंदना म्हणतात, त्या सवयीने असं घडत असेल का? तुमच्या शब्दांत चार ओळी लिहून द्या, परिषदेत वाचून दाखवीन.

उत्तराची वाट बघते. लोभाला ओहोटी नको.

तुमची,
रुपाली


मुकुटबन
१५ मार्च २०२४

चि. रुपाली हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

तू चार ओळी मागितल्यास. चार ओळींत मावणार नाही.

ते शब्द लोकांनी आधी ऐकले होते. मी शिकवले होते. तू आलीस त्या दिवशी गंगीकडे जेवायला गेलीस आणि तुझी फाईल टेबलावर उघडी राहिली. मी यादी उतरवून घेतली. पुढचे तीन दिवस तू यंत्र लावत होतीस, बटणाच्या चाचण्या घेत होतीस, आणि मी संध्याकाळी पोडावर आणि वस्तीत जाऊन एकेकाकडून ते शब्द पाठ करून घेत होतो. घरातले तीन, रानातले तीन, असे मीच लावून दिले. पोरांना असेच शिकवायचो. डोमाजीने विचारले होते, की गुरुजी, बाईले हे सांगाचं नाई काय? मी म्हटले, की तपासणीच्या आधी तयारी करतातच, त्यात सांगण्यासारखे काही नसते. त्यांचा दोष नाही. ते माझे ऐकतात.

छत्तीस वर्षे हेच केले. साहेब येणार म्हटले की आठ दिवस आधी वर्ग तयार करायचा. मी चौथीत असताना एक साहेब तपासणीला आले होते. मला बाराचा पाढा विचारला. येत होता, पण भीतीने तोंड उघडेना. साहेब गुरुजींना म्हणाले, की यांच्या डोक्यात राहत नाही, यांच्यावर वेळ घालवू नका. माझा एकही विद्यार्थी असा उभा राहू नये म्हणून मी मास्तर झालो. तू तपासणीचे साहेब नव्हतीस, हे मला समजायला हवे होते. नाही समजले.

आता दुसरे. हे नलूलाही सांगितलेले नाही. शब्दांच्या चाचणीच्या सकाळी विहाराच्या पायरीवर बसून मी मनात उजळणी करत होतो. घरातले तीन आले. पुढे काही आले नाही. स्वतः लिहिलेली, स्वतः लावलेली, तीन दिवस चौदा जणांना शिकवलेली यादी, आणि मला तीनच शब्द. आत गंगी तेरा सांगत होती. म्हणून मी चहाकडे पळत होतो, पोरी.

माझ्यामुळे तू सरांना नको ते बोललीस. तुझे पत्र वाचल्यापासून मला कोणाला तोंड दाखवावेसे वाटत नाही. निबंध छापू देऊ नकोस.

लोभ ठेव असे लिहिण्याचा हक्क आज मला नाही.

भीमराज


पुणे
२३ मार्च २०२४

ती. मोठे बाबा यांस,
जयभीम.

निबंध मागे घेतला. सरांच्या खोलीत जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, बस, पाणी पी. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. प्रयोगशाळेत आता माझ्याशी सगळे जपून बोलतात.

तुम्ही आपल्या माणसांवर विश्वास ठेवला नाहीत. त्या साहेबांनी तुमच्याबद्दल जे म्हटलं, तेच तुम्ही डोमाजी आजोबांबद्दल मनात धरलंत. त्यांना खरोखर किती आठवलं असतं, ते आता कोणालाच कळणार नाही.

विसरण्याचं यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवा. सध्या मला पत्र लिहू नका.

रुपाली


मुकुटबन
६ मे २०२४

चि. रुपाली,
लय लय आशीर्वाद.

मी सातवी शिकली हाय, जसं बोलते तसंच लिवते. चुकलं तर हसजो.

तुह्यं पत्र आलं तवा यायनं ते मलेच वाचाले देल्लं. दोन दिवस जेवले नाई. तिसऱ्या दिवशी चांगले उठले, आंघोळ केली अन् मले इचारलं, का रुपालीचं पत्र काहून नाई आलं. मी म्हन्लं आलं होतं, ते रागावली हाय. तं म्हने काहून? मी सांगतलं. तवा ते पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदा आयकल्यावानी. असं तीन खेपा झालं. मंग मी ते पत्र पेटीत तळाशी टाकून देल्लं. आता ते इचारते तं मी म्हन्ते, पोरगी कामात असन.

यवतमाळले नेलतं. डॉक्टरनं तपासलं, गोया देल्ल्या. म्हने आजार हाय, हळूहळू वाढन.

पन एक सांगते तुले. आपुन काय केलं ते त्यायच्या ध्यानात हाय. तुले सांगून झालं, हे मात्र राह्यत नाई. परवा सकाळपासून टेबलावर बसून लिवून राह्यले होते. मले म्हने, हे पोरीले आजच गेलं पाह्यजे, ते निबंध छापाच्या आंधी. त्यायचं पाकीट याच्यातच घालून धाडते.

तुह्यं चुकलं असं मी म्हनत नाई. तुले राग येनारच. डोमाजी म्हन्ते, बाईले पुन्हा बलाव, यावेळी न शिकता सांगतो, जेवढे येईन तेवढे.

आमच्यावर जीव असू दे.

तुही मोठी आई,
नलू


पुणे
१४ मे २०२४

ती. मोठे बाबा यांस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं चार तारखेचं पत्र मिळालं. यादीचं, पाठ करून घेतल्याचं, आणि पायरीवर तीनच शब्द आठवले त्याचं, सगळं वाचलं. एवढं लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल.

आधी काळजीचं सांगते. निबंध छापला गेलेला नाही आणि जाणारही नाही. सरांची मी माफी मागितली आणि त्यांनी माफ केलं. ते शांतपणे मला सगळं समजावत बसले, की असं अनेकांच्या कामात घडतं, आणि त्यांना स्वतःलाही एकदा सगळं फेकून द्यावं लागलं होतं. माझी पदवी कुठे जात नाही, फार तर वर्षभर लांबेल.

चूक तुमची आहे, नाही म्हणत नाही. पण ती एकट्याची नाही. चौदा कागदांवर एकच क्रम होता आणि माझं शिक्षणच तो पाहण्याचं आहे. मला तो दिसला होता. मला तेरा आकडा हवा होता, म्हणून मी वंदनेचं निमित्त शोधलं आणि विचारणाऱ्यावरच धावून गेले.

आणखी एका गोष्टीची मला जास्त लाज वाटते. एका माणसाने स्वतःहून मला खरं सांगितलं, आणि मी त्याला लिहिलं, की सध्या पत्र लिहू नका. त्याला किती लागलं असेल, हे मी कधी मोजू शकणार नाही. त्याने ते मनात ठेवलं नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही.

पंचवीस तारखेला मी येते आहे. सोबत नवी यादी असेल आणि फाईल मोठ्या आईच्या पेटीत कुलपात राहील. डोमाजी आजोबांना सात आले तर सात लिहीन, चार आले तर चार. तुमच्यासाठी यादी नाही. आपण दोघं यवतमाळला डॉक्टरांकडे जाऊ, आणि आत मी तुमच्याजवळ बसेन.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. हे पत्र वाचून झालं की मोठ्या आईजवळ ठेवायला द्या. रुपालीला सांगायचं राहून गेलं असं पुन्हा कधी वाटलं, तर तिच्याकडून मागून घ्या आणि वाचा. खाली माझी सही आहे.

तुमची मुलगीच,
रुपाली