खोडलेला शब्द

शुक्रवार पेठ, सोलापूर. मंगळवार, दिवेलागण.

दत्ता जाऊन वर्ष झालं. आज त्याची बायको वैरागहून आली, त्याच्या लष्करी ट्रंकेच्या तळाशी सापडलेलं पत्र घेऊन. त्यानंच छावणीतून मला लिहिलेलं. 'इथल्या बिस्किटाला आम्ही शहाबादी फरशी म्हणतो, चहाला गढूळ ओढा, आणि डाळीला...' पुढचा शब्द मी लाल शाईनं खोडलाय. वर वळणदार अक्षरात लिहिलंय, 'वरण'. मास्तर ना मी! धाकट्या भावाचं पत्र तपासून त्यालाच परत पाठवलं होतं. खाली शेरा: 'भाषा शुद्ध ठेव.' त्यानंतरची त्याची पत्रं म्हणजे नुसतं 'मी खुशाल आहे'.

"भावजी, ह्यांनी डाळीला काय नाव ठिवलं हुतं ओ? वाचा की. मला कदी सांगितलंच न्हाई."

चष्मा पुसला, कागद दिव्यासमोर धरला. शाई पक्की. शाळेतल्या सगळ्या कविता अजून तोंडपाठ आहेत, आणि हा एक शब्द आठवत नाही. फरशी, गढूळ ओढा... काय उपमा होत्या! तेव्हा मला कशा दिसल्या नाहीत?

"वरण म्हणायचा," मी सांगितलं.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली, आणि पत्राची घडी घातली.