रिदाला समजते, तिच्या फेरचाचणीबाबत

दोहा, दि. १४ मार्च २००६

प्रति,
माननीय श्रीमती शशिकला देवधर,
मूल्यमापन प्रमुख, बालविकास केंद्र,
अबू हमूर.

विषय : कु. रिदा इरशाद परकार, वय आठ, हिची फेरचाचणी घेणेबाबत.
संदर्भ : आपल्या केंद्राचा अहवाल.

महोदया,

आपण मराठी आहात हे कळल्यावर इंग्रजी अर्ज फाडून हा लिहीत आहे. माझी मुलगी रिदा स्वमग्न आहे, बोलत नाही. अहवालात तिचे श्रवण-आकलन शून्य व वाचन-आकलनही शून्य दाखवले आहे. त्यावर सविनय हरकत अशी :

१) परीक्षकांनी बर्फातल्या सशाची गोष्ट इंग्रजीतून वाचली व उत्तरे तोंडी मागितली. जी मुलगी बोलतच नाही तिने तोंडी उत्तर दिले नाही, ही नोंद अचूक आहे. पण त्यावरून तिला कळले नाही हे कसे ठरले, ते मला कळले नाही. आमच्या घरी रत्नागिरीची मराठी चालते. मागे माझी पत्नी साजिदा फोनवर बहिणीला हळूच म्हणाली, "उद्या रिदाला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचंय." सकाळी गाडीची किल्ली गायब. सापडली तांदळाच्या डब्यात, तीही डॉक्टरांची वेळ टळून गेल्यावर. रिदा दिवसभर खुशीत होती.

२) वाचनाबाबत अहवाल म्हणतो, "मुलगी परीक्षकांना अंधारात ठेवून निघून गेली." हे अक्षरशः खरे आहे. मात्र दिव्याच्या बटणावर इंग्रजी पाटी आहे : खोली सोडताना दिवे बंद करावेत. तिने पाटी वाचली, खोली सोडली, दिवे बंद केले. ही सूचना पाळणारी ती केंद्रात पहिलीच असावी, कारण शेजारच्या रिकाम्या खोल्यांत तेव्हा लख्ख उजेड होता.

या शून्यामुळे तिला वाचनवर्गातून काढून मणी ओवायला बसवले आहे. तिथे ती मण्यांच्या खोक्यावरचा मजकूर वाचत बसते, असे तिथल्या बाईच सांगतात.

सबब, फेरचाचणी मराठीतूनही व्हावी व चित्रावर किंवा शब्दावर बोट ठेवून उत्तर देण्याची मुभा असावी, ही विनंती. ती बोट उचलायला वेळ घेते, तेवढे थांबावे.

ता. क. नव्हे, पण सांगणे भाग आहे. काल हा मसुदा मी साजिदाला वाचून दाखवत होतो. "ही बिचारी मुलगी" येथवर आलो, तोच रिदाने उठून माझ्या तोंडावर हात ठेवला. मी पुन्हा वाचले. पुन्हा हात. तो शब्द मी खोडला, तेव्हा कुठे पुढचे वाचू दिले.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
इरशाद परकार
अल थुमामा, दोहा