काढलेली मिशी

शनिवार, संध्याकाळ. गावी.

मिशी काढाच्या आधी एक फोन कराले पाह्यजे होता. तेवढी अक्कल नाई मले.

गावच्या दंडारीत, म्हंजे आमच्या नाच-गान्याच्या नाटकात, तीन वर्सं झाले, रानीचं सोंग मीच घेतो. यंदा नेमकं आजच फार्मसीचं प्रॅक्टिकल आलं, म्हनून मीच दंडार बसवनाऱ्या नामदेवकाकाले म्हनलं, दुसरा कोनी पाहा. अन् आज सकाळी प्रॅक्टिकल पुढं ढकललं! मी हॉस्टेलातच मिशी काढली, धावत बस धरली.

इथं येतो त गजू माही चोळी घालून बसलेला. काका माह्याकडं न पाहता म्हनले, "तू शिक बाबू. शिकनाऱ्याच्या भरवशावर दंडार होत नाई."

काऊन नाई? तीन वर्सं कोनाच्या भरवशावर झाली?

दरसाल सोंगासाठी म्हनून बाबा चालवून घेत. आज तोंड पाहूनच भडकले. "मी जित्ता असतानी मिशी काढली, अन् ते बी फुकट?"

ते 'फुकट' लागलं. तिकडं ढोलकी सुरू झाली. मी इथं वरचा ओठ चोळत बसलो.

सोमवारी कॉलेजात मिशी नाई पाहून सारे विचारतीन, घरचं कोन गेलं?

सांगीन, रानी गेली.