अंगावर काढू नका

मंगळवार, १२

छाती. एवढा साधा शब्द, पण या घरात कोणाच्या तोंडून निघेल तर शपथ! चिरंजीव सकाळी म्हणाले, "बाबा, तिला जरा... या बाजूला... त्रास होतोय." या बाजूला म्हणजे कुठे? खांद्याला? सूनबाईला सणकून ताप आहे. उजवीकडे दूध साकळलंय, गाठ आलीय, कातडी लालभडक. बाळ तोंड लावतं तेव्हा ती पलंगाची कड घट्ट धरते. नातू सव्वा महिन्याचा, त्याला काय कळतंय!

आमची ही गरम पाण्याची पिशवी घेऊन आली आणि गाठ रगडायलाच बसली. "रगडल्याशिवाय मोकळं होत नाही. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" पोरीची किंकाळी बाहेर ऐकू आली. हातात पेपर होता. एकच बातमी तीनदा वाचली.

बुधवार, १३

शाळेतलं जुनं पुस्तक काढून पाठ केलेल्या कविता आठवत बसलो. आईच्या दुधाला काय काय म्हटलंय – अमृत काय, चांदणं काय! नातवाला मांडीवर घेऊन त्याच चालीत म्हणायच्या, म्हणून कधीच्या घोकून ठेवल्यात. आज एक म्हणून पाहिली, जमेना. दूध साकळतं, छाती तापते, बाई दात आवळून पाजते – एवढ्या कवींपैकी एकालाही हे दिसलं नाही? की यमक जुळेना? सगळे मेले बाप्ये! असा संताप आला की पुस्तक मिटून ठेवलं.

गुरुवार, १४

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी बाहेरच्या बाकावर, दार अर्धवट उघडं. त्यांचा पहिला सवाल – "इतके दिवस अंगावर का काढलंत?"

वा रे भाषा! अंगावर पाजायचं तिनेच, आणि दुखणं अंगावर काढायचं तेही तिनेच!

"जंतू शिरलेत. अँटिबायोटिक देते. कोर्स पुरा करायचा, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचा नाही. रगडणं आणि शेकणं बंद, गार कापड ठेवा. आणि पाजणं चालूच ठेवा – दुखऱ्या बाजूनेसुद्धा."

परतताना गाडीत हिचं सुरू. "औषध दुधात उतरणार. म्हणजे लेकराला विषच पाजायचं की!"

सूनबाई म्हणाली, "आई, मी विचारलं त्यांना. फार थोडं उतरतं. फार तर बाळाला पातळ शी होईल म्हणाल्या."

"त्यांना काय जातंय म्हणायला? पोर त्यांचं थोडंच आहे!"

चिरंजीव खिडकीबाहेर बघत होते. मीही.

घरी आल्यावर सूनबाई तळहातावर गोळी घेऊन कितीतरी वेळ बसली. एकदा गोळीकडे बघायची, एकदा बाळाकडे. मग घेतली! शाब्बास! मनातल्या मनात टाळी वाजवली.

शनिवार, १६

ताप उतरला. पोर आज पोटभर जेवली.

रविवार, १७

बाळाला दोन-तीनदा पातळ शी. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं! पण हिला आयतंच कोलीत मिळालं. "बघा! मी बोंबलत होते ते खोटं नव्हतं. ताप गेला ना? मग कशाला आता त्या गोळ्या?" चिरंजीव म्हणतात, "आई म्हणतेय तर दोन दिवस थांबून बघू." थांबून बघू! यांच्या अंगावर गाठ आहे का थांबून बघायला?

सूनबाईने बाळाचं पोट चाचपलं. गोळ्यांचं पाकीट कपाटावर ठेवलं. ठेवताना माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला. बोलणारच होतो – तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. मग राहिलंच.

सोमवार, १८

संध्याकाळी पोरीला परत जडशीळ वाटायला लागलं. कपाटावरचं पाकीट काढते तर रिकामं! कुठे गेल्या गोळ्या? हिने! हिची दाढ दुखत होती म्हणून हिने गिळल्या! काल सुनेला जे विष होतं ते आज हिच्या दाढेवर उतारा! वर तोरा बघा – "मग काय झालं? मी काय अंगावर पाजते?"

अंगाचा तिळपापड झाला. तडक उठलो आणि अंगणात फेऱ्या मारून आलो.

चिरंजीव म्हणाले, "उद्या आणतो."

मंगळवार, १९

नाही आणल्या. ऑफिसात मीटिंग होती म्हणे! दुकान कोपऱ्यावर आहे. मला दिसतं इथून.

बुधवार, २०

ताप पहिल्यापेक्षा जास्त. गाठ कच्च्या पेरूसारखी टणक. हात लावू देत नाही. बाळ रडतंय, तीही रडतेय. ही गप्प आहे – जन्मात पहिल्यांदा! या बाईला, या मुलाला काय बोलावं! मनात अशी वाक्यं तयार होतायत की ऐकतील तर जागच्या जागी गार होतील.

गुरुवार, २१

पू झाला होता. सुईने काढावा लागला. आता पुन्हा गोळ्या, पहिल्यापासून. दवाखान्यात आम्ही सगळे तिच्या खाटेभोवती उभे होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

सूनबाईने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "सगळ्यांनी मिळून."

सगळ्यांनी? मी तर एक अक्षरही बोललो नव्हतो!